धोंडीबा मिस्त्रींचं गिऱ्हाईक

धोंडीबा मिस्त्री शाळेची बस गुडघ्यांवर चालत बांधत. गुडघ्यांना गोणपाट गुंडाळायचं, सुतळीने आवळायचं, आणि पन्नाशी उलटलेला, मिशा पिकलेला तो माणूस बसच्या सांगाड्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरायचा. पत्रे ठोकणारे हातोडी थांबवून विचारायचे, "मिस्त्री, नवस कुठल्या देवाचा?"

"देव न्हाई, गिऱ्हाईक हाय," मिस्त्री म्हणायचे. "येवढंच असतंय उंचीनं."

पन्नासच्या दशकात मी चिंचवडला, हमरस्त्यालगतच्या एका बसच्या बॉडी बांधणाऱ्या कारखान्यात कारकून होतो. कारखाना हा मालकांचा शब्द. खांबांवर छप्पर टाकलेलं होतं, एवढंच मी शपथेवर सांगू शकेन. बाहेरून चासी यायची, म्हणजे इंजिन, चाकं आणि खोक्यावर बसलेला, धुळीने माखलेला ड्रायव्हर. त्या उघड्या हाडांवर सागाचा सांगाडा उभा करून पत्रा चढवला, रंग दिला, की बस झाली. मिस्त्री थेरगावचे, मूळचे बैलगाड्या करणारे.

शाळेच्या बसचा आमच्याकडचा तोवरचा इतिहास फार मोठा नव्हता. थकलेला ट्रक घ्यायचा, आत दोन बाकं टाकायची, बाजूंना जाळी मारायची आणि मागे विद्येची थोरवी सांगणारं संस्कृत वचन रंगवायचं. मुलं आणि कोंबड्या यांच्या वाहतुकीत फरक इतकाच, की कोंबड्यांना संस्कृत नसे.

अशात एका शाळेने कोऱ्या चासीवर नवी बस बांधायला दिली आणि मिस्त्रींना झोप येईना. मालकांनी दिलेला नकाशा त्यांनी उलटा धरून पाहिला, सुलटा धरून पाहिला आणि घडी करून टोपीत ठेवला. एक दिवस ते मलाच म्हणाले, "कारकूनसाहेब, जरा खालनं बघा."

"कुठून?"

"खालनं. टेका गुडघे."

धुतलेल्या धोतरानिशी मी गुडघे टेकले. वरचा दांडा हाताला येईना. खिडकीची कड नाकाशी आली. खाली उतरून तसंच पाहिलं, तर पायरी छातीला लागली. बालशिक्षणावरची जाड पुस्तकं मी वाचली होती, पण लिहिणाऱ्यांपैकी कुणी या उंचीवर येऊन गेल्याची खूण त्यांत आढळली नव्हती.

मिस्त्रींनी पायरी खाली आणली. दांड्याखाली दुसरा दांडा लावला. बाकं इतकी बुटकी केली, की सात वर्षांच्या मुलाचे पाय सपाट जमिनीला टेकावेत. "लोंबतं पाय म्हंजी ब्रेक मारला की पोरगं म्होरं. दात पडत्यात," ते म्हणायचे. बाक तयार झाल्यावर त्यांनी हात फिरवला तो बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा.

पाहणीला शाळेचे चिटणीस आले. बरोबर कार्यकारिणीचे चार सभासद. बस त्यांना पसंत पडली, म्हणजे तिच्यावर रंगवलेलं शाळेचं नाव पुरेसं मोठं होतं. मग चिटणीस आत जाऊन बाकावर बसले आणि त्यांचे गुडघे हनुवटीला लागले. सभासदही बसले. पाच प्रतिष्ठित गृहस्थ उकिडवे बसून एकमेकांकडे पाहत राहिले.

"हे काय आहे?" चिटणीसांनी विचारलं.

"पोरांचं माप हाय, साहेब."

"स्नेहसंमेलनाला अध्यक्ष याच बसने येणार आहेत. त्यांना असं बसवू?"

"अध्यक्ष येकदा येनार. पोरं रोज."

हे बोलायला नको होतं. मालकांचा चेहरा उतरला. "मिस्त्री, बाकं वीतभर उचला," ते म्हणाले.

"मग पायाखाली फळी तरी ठोकू द्या."

"फळीला पाहुणे अडखळतील," चिटणीस म्हणाले.

दोन दिवसांत मिस्त्रींनी बाकं वीतभर उचलली. सांधे पहिल्याइतकेच चोख केले, त्यात राग कुठेही दिसला नाही. बस हार घालून गेली. बाकांच्या उंचीबद्दल शाळेचं समाधानाचं पत्र आलं. ते मालकांनी चौकटीत लावलं.

मिस्त्री मात्र मिटले. जेवणाच्या सुटीत रस्त्याकडे बघत बसायचे. एकदा माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले, "येक अर्ज लिव्हा. येक डाव त्या गाडीत बसू द्या म्हनावं. मागं हुभं ऱ्हाईन. पोरांचं पाय कुटवर पोचत्यात तेवढं बघतो. पडत आसतील तर सुटीच्या दिशी जाऊन फळ्या मारून देतो, फुकट."

मी अर्ज लिहिला. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत चांगला अर्ज असावा. महिन्याने उत्तर आलं, टाइप केलेलं, सहीशिक्क्यासह. मिस्त्रींना बोलावून मी वाचून दाखवलं: 'बसचा वापर विद्यार्थी व त्यांचे पालक यांच्यापुरता मर्यादित आहे. अर्जदाराचे कोणतेही अपत्य या शाळेत नसल्याने विनंती मान्य करता येत नाही.'

"अपत्य म्हंजी?"

"मूल. तुमचं मूल त्या शाळेत नाही, असं म्हणतात."

मिस्त्रींनी कागदावर बोट ठेवलं. "कुटल्याच शाळंत न्हाई, आसं लिव्हलंय व्हय?"

"नाही, नाही. याच शाळेत नाही, एवढंच."

"येकच झालं."

मिस्त्री आणि त्यांची बायको, दोघंच राहत, मूलबाळ नव्हतं, हे मला तीन वर्षं ठाऊक होतं. कारखान्यात कुणी त्यावर बोलत नसे, तेही कधी बोलले नव्हते. आता ते शाळेच्या छापील कागदावर, जावक क्रमांकासह आलं होतं.

"पोच द्यावी लागंल न्हवं?" त्यांनी विचारलं. "हितं अंगठा करू?"

पोच कुणी मागितली नव्हती. पण त्यांनी हात पुढे केला होता. मी शाईची डबी उघडली.