चार पाटांचा बँड

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. यंत्र म्हटलं की माझा हात कुणी धरू शकत नाही! मिक्सर, इस्त्री, दाराची बेल, सगळं मी घरच्या घरी खोलतो. त्यातलं बरंचसं परत जोडतोसुद्धा. त्यामुळे अठ्ठ्याण्णव साली माझी मेहुणी चित्रा हिच्या हळदीचा प्रश्न उभा राहिला, तेव्हा डोंबिवलीच्या आमच्या दोन खोल्यांत मी छाती ठोकून म्हणालो, "सोडा माझ्यावर!"

प्रश्न तसा नाजूक होता. माझी सासुरवाडी ठाण्याची, कोळीवाड्यातली. तिथे लग्नात देवांना, पूर्वजांना धवले गाऊन बोलावणं करायला धवलारीण लागते, आणि अख्ख्या कोळीवाड्याची धवलारीण म्हणजे आवडामावशी. माझ्या बायकोची, कलावतीची, सख्खी मावशी. चित्राची आई लवकर गेली. तिला वाढवलं मावशींनीच. आणि चित्राचं लग्न ठरलं न ठरलं तोच मावशींच्या घशात गाठ निघाली. सोमवारी ऑपरेशन. त्यानंतर बरेच महिने बोलणं बंद, आणि गाणं पुन्हा जमेल की नाही हे डॉक्टरही सांगेनात. "मावशीचा आवाज नसेल तर माझ्या हळदीत काहीच वाजवू नका," एवढं बोलून चित्रा जी रडायला बसली ती उठेचना.

"आपण रविवारी मावशीला रेकॉर्ड करूया ना," कलावती म्हणाली. "आपला टेपरेकॉर्डर आहे की."

"टेपरेकॉर्डर?" मला हसूच आवरेना. "अगं, घरात कॉम्प्युटर आहे! मावशी गातील आणि मागे ढोलकी, ताशा, मोठा ढोल, सगळा बँड कॉम्प्युटर वाजवेल. शिवाय बँडवाल्यांना जेवायला घालायला नको!"

त्याच तोऱ्यात मी टेपरेकॉर्डर उचलला आणि खालच्या मजल्यावर प्रभुदेसाईकाकांना देऊन टाकला. काका आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. नाट्यसंगीताचे वेडे आणि नियमांचे त्याहून वेडे.

"अडगळ आहे हो काका, घेऊन टाका," मी म्हणालो.

"चालतो ना?" काकांनी विचारलं. "म्हणजे, तुम्ही अद्याप उघडलेला नाही ना?"

मी अपमान गिळला आणि सॉफ्टवेअर निवडायच्या कामाला लागलो. माझा ऑफिसातला मित्र गोविंदा ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड वाजवायचा. तो सीडी घेऊन घरी आला. पहिल्या सॉफ्टवेअरमधले ड्रम इतके विलायती होते की कुणीतरी भांड्यांचं कपाट जिन्यावरून ढकलल्यासारखं वाटलं. दुसऱ्याचा आवाज झकास, पण थाप मारल्यावर तो यायला चहा गाळून होईल एवढा वेळ लागायचा. तिसऱ्यात मात्र ढोलकीच्या जवळपासचं काहीतरी होतं.

"हेच घे," गोविंदा म्हणाला. "ट्रायल आहे, पण एकदम मस्त चालतं."

ते उघडलं की दर वेळी एक इंग्रजी खिडकी यायची. बारीक अक्षरात बरंच काही लिहिलेलं असायचं. मी ओके दाबायचो. अशा खिडक्या वाचत बसलं तर माणसाने कामं कधी करायची?

मग राहिले थापा मारायचे पॅड. दुकानात बघून आलो. काळ्या रबराचे, पायपुसण्यासारखे. किंमत ऐकून दुकानदाराकडेच पाणी मागितलं.

"अरे, पॅड म्हणजे असतं काय?" गोविंदा म्हणाला. "एक फळी, तिच्या खाली बझरची चकती. थाप पडली की चकती सांगते, कॉम्प्युटर वाजवतो. माझा जुना ऑक्टोपॅड ने. त्याचे स्वतःचे पॅड मेलेत, पण मागे बाहेरचे पॅड जोडायला जागा आहे."

फळी! मी घरात चौफेर नजर फिरवली आणि ती माळ्यावर जाऊन थांबली. तिथे आमचे चार सागवानी पाट होते. कलावतीने रुखवतात आणलेले, पितळी फुलं ठोकलेले. कलावती बाजारातून येईपर्यंत मी चारही पाटांच्या पोटाला चकत्या चिकटवून मोकळा झालो होतो. एक ढोलकी, एक ताशा, एक झांज आणि एक मोठा ढोल.

"माझे पाट!" कलावती दारातूनच ओरडली.

"पाट नाही, पॅड," मी म्हणालो. आणि तिला प्रात्यक्षिक दाखवायला स्पीकर मोठा केला.

आता बारकी थापसुद्धा वाया जाऊ नये म्हणून मी चकत्यांची संवेदनशीलता पार वर चढवून ठेवली होती. तेवढ्यात वरच्या मजल्यावर केशरबाईंनी मिरच्या कांडायला घेतल्या. झालं! मी हात मांडीवर ठेवून बसलोय आणि ताशा कडाडतोय! तो आवाज ऐकून खालून प्रभुदेसाईकाकांनी काठीने छत ठोकलं. छत म्हणजे आमची जमीन. जमिनीवर पाट. धडाम्! मोठा ढोल वाजला. काका भडकले, अजून जोरात ठोकलं. अजून मोठा ढोल! काका ठोकतात म्हणून ढोल वाजतो, ढोल वाजतो म्हणून काका ठोकतात. वरून केशरबाईंचा ताशा चालूच! खरं सांगतो, त्या दिवशी दोघांची जी जुगलबंदी जमली, तशी मला स्वतःला पुढे कधी जमली नाही. शेवटी कलावतीने प्लग उपटला.

"रविवारी हेडफोन लावेन," मी म्हणालो. "म्हणजे बँड फक्त मला ऐकू येईल आणि थेट कॉम्प्युटरमध्ये जाईल. माइकमध्ये फक्त मावशी. यालाच प्रोफेशनल म्हणतात."

रविवारी दुपारी मावशी आल्या. हिरवं लुगडं, अंबाड्यात अबोलीचा वळेसर, घशाला मफलर. मच्छरदाणीच्या काठीला बांधलेल्या माइककडे त्यांनी एकदा बघितलं, मग माझ्याकडे.

"हलद कोनाची हाय?" त्यांनी विचारलं.

"चित्राची, मावशी. पण आज नाही, पुढे. आज नुसतं रेकॉर्डिंग."

"नुसतं? अरं, मी देवांना बोलावनार. ते येतील नी बघतील तर पाट रिकामा! मंग त्यांना काय सांगू, जावयानं मशीन आनलंय?"

"मग चित्रालाच बोलावू?"

"तिना हलद एकदाच लागंल, तिच्या दिवशी. आज नाय. दुसरा कोनतरी बसव. त्याबिगर मी तोंड नाय उघडनार."

मावशी मफलर सारखा करून भिंतीकडे तोंड करून बसल्या. मी कलावतीकडे बघितलं. कलावतीने हळदीची वाटी उचलली.

"बसा तुम्ही," ती म्हणाली.

"मी? अगं, मला बँड वाजवायचाय!"

"बसून वाजवा!"

पाट लागायचा तो लाकडीच. आणि घरातल्या प्रत्येक पाटाच्या पोटातून वायर निघालेली! शेवटी मी मोठ्या ढोलावर बसलो. उरलेले तिन्ही पाट पुढ्यात मांडले, दोन हातांत दोन लाटणी घेतली, कानांवर हेडफोन चढवले. कलावतीने गालांना, कपाळाला, दंडांना हळद फासली. जरा हललो की कानात धडाम्! शिंकलो तेव्हा तर जीवच गेला.

आणि मावशी गायला लागल्या.

हेडफोनमधून तो आवाज आला आणि माझ्या अंगावर काटा आला. जाडाभरडा, किंचित फाटलेला, पण काय जोर होता त्यात! एकेका देवाला नावाने हाक मारत होत्या. खाडीवरच्या, वेशीवरच्या, मग घरातल्या गेलेल्या माणसांना. चित्राच्या आईचं नाव आलं तेव्हा कलावतीने पदर तोंडाला लावला. मलाही भरून आलं. पण कलावंताने भावनेच्या आहारी जाऊन चालत नाही. मी लाटणी उचलली आणि बँड सुरू केला!

माझ्या कानात बँड होता. खोलीत मात्र पिवळ्या तोंडाचा एक माणूस डोळे मिटून पाट बडवत होता.

नेमके तेव्हाच प्रभुदेसाईकाका तक्रार घेऊन वर आले. दार उघडंच होतं. पुढचं मला नंतर कलावतीने सांगितलं. काकांनी हळदीने माखलेल्या मला बघितलं, धवले गाणारी बाई बघितली, हातात हळदीची वाटी घेऊन डोळे पुसणारी कलावती बघितली. त्यांचा चष्मा नाकावरून घसरला.

"कलावतीताई! तुम्ही... स्वतःच्या हातांनी?"

रेकॉर्डिंग चालू होतं म्हणून कलावतीने ओठांवर बोट ठेवलं.

"म्हणजे गुपचूप?" काका माझ्याकडे वळले. "अहो, तुम्हाला काही वाटतं का? पहिली बायको समोर उभी आहे!"

मी डोळे उघडले खरे, पण कानातल्या ढोलाशिवाय मला काही ऐकू येत नव्हतं. मी हसून मान डोलावली आणि जोरात म्हणालो, "या काका, या! जेवूनच जा!"

काका तडक खाली गेले.

इकडे धवला आणखी बराच वेळ चालून संपला. मावशींनी घसा चेपून पाणी मागितलं. त्या खूप थकल्या होत्या. मी हेडफोन काढले आणि विजयी मुद्रेने सेव्ह दाबलं. इंग्रजी खिडकी आली. ओके दाबलं. पुन्हा तीच खिडकी! मग आयुष्यात पहिल्यांदा मी ती वाचली. ट्रायलमध्ये सगळं करता येत होतं, फक्त केलेलं साठवता येत नव्हतं. घाबरून मी आणखी काहीतरी दाबलं आणि पडदा कोरा झाला.

"मावशी, पुन्हा एकदा..." मी म्हणालो. मावशींनी तोंड उघडलं. नुसती हवा आली.

त्यानंतर कलावती माझ्याशी बोलेना. तिने ओरडायला हवं होतं, पाट फेकायला हवे होते. तिने पाट उचलून नुसते माळ्यावर ठेवले, आणि तेच मला सहन होईना. ऑपरेशन नीट पार पडलं. चित्राला काय सांगायचं हे मात्र कुणालाच सुचत नव्हतं.

अशात सोसायटीची तातडीची सभा निघाली. विषय एकच, मी! गच्चीवर सगळी बिल्डिंग जमली. केशरबाई तर कलावतीचा हात हातात घेऊन बसल्या. "धीर सोडू नकोस गं," म्हणत होत्या. कलावतीला वाटलं, रेकॉर्डिंगबद्दलच बोलताहेत. तिने उसासा टाकला. बायकांनी माझ्याकडे असं बघितलं की मी टाकीच्या आडोशाला सरकलो.

"आरोप तोंडी नाही," प्रभुदेसाईकाका उभे राहिले. "त्या दिवशी मी ताबडतोब खाली जाऊन, गॅलरीत टेपरेकॉर्डर ठेवून पुरावा घेतला आहे!"

त्यांनी बटण दाबलं. आणि गच्चीवर आवडामावशींचा आवाज घुमला. माझ्याच टेपरेकॉर्डरमधून!

कलावती ताडकन उठली, धावत गेली आणि टेपरेकॉर्डर छातीशी धरून हमसाहमशी रडायला लागली. सगळा खुलासा होईपर्यंत दिवेलागण झाली. काका मात्र नियमाला पक्के. "पुरावा माझ्या ताब्यातून जाणार नाही," म्हणाले. "हळदीला मी स्वतः येईन आणि स्वतः वाजवेन."

आले. धोतर, कोट, मांडीवर टेपरेकॉर्डर. मांडवात चित्रा पाटावर बसली, तोही आमचाच, खालून वायर लोंबत होती. काकांनी बटण दाबलं आणि मांडवभर मावशींचा आवाज पसरला. चित्रा रडली, बायका रडल्या. गळ्याला पट्टी बांधलेल्या मावशी नुसते ओठ हलवत होत्या. मीही रडलो, लाज कसली! सुटलो होतो मी! मावशींच्या मागे कुठेतरी माझी लाटणीही ठकठकत होती. म्हटलं, चला, आपलीही साथ झाली.

धवला संपला. काका ऐन वेळी कोलंबीच्या ताटाकडे वळले होते, त्यामुळे टेप बंद करायचा राहिला. आणि स्पीकरमधून काकांचाच खणखणीत आवाज आला:

"सभेसाठी नोंद. गाणाऱ्या बाईंविषयी तक्रार नाही. आवाज अप्रतिम आहे. तक्रार केवळ पाट बडवणाऱ्या इसमाविषयी आहे. त्याला ताल नाही."

मांडव कोसळायचाच बाकी राहिला! मावशींना हसायची बंदी होती, तर त्या गळा धरून डोळ्यांनी हसल्या.

त्या कॅसेटच्या किती कॉप्या निघाल्या, देव जाणे. अजूनही कोळीवाड्यात हळदीला ती लागते. शेवट कुणी कापत नाही. मावशींचा आवाज पुढे परत आला, तरी कॅसेट लागतेच. धवला संपला की सगळा मांडव श्वास रोखून थांबतो, आणि मग लहानथोर सगळे काकांबरोबर एका सुरात म्हणतात, "त्याला ताल नाही!"

अगदी तालात म्हणतात हो.