दोन पायांवर चालणारा बिबट्या

बिबट्याच्या पायाचा ठसा माझ्याइतका आमच्या अख्ख्या वृक्षोद्यानात कुणालाच कळत नाही! आता तुम्ही विचाराल, बिबट्या पाहिलाय का? नाही पाहिला. पाहायची इच्छाही नाही. पण मोबाइलवर इतके व्हिडिओ पाहिलेत, की बिबट्या समोर आला तर मीच त्याला त्याची माहिती सांगेन. अर्थात लांबून. जमल्यास फोनवरून.

माझं नाव महारुद्र. वडिलांनी हौसेनं ठेवलं. नावाप्रमाणे मी कुणालाही घाबरत नाही. पाल, कुत्रं, इंजेक्शन आणि सासरे एवढं सोडलं तर!

पोखर्णीच्या रस्त्यावरच्या ह्या वृक्षोद्यानात मी कारकून आहे. दरवर्षी मे महिन्यात आम्ही मुलांसाठी निसर्ग शिबिर भरवतो. झाडं ओळखायची, पक्षी पाहायचे, पाणवठ्यावर कोण पाणी पिऊन गेलं ते चिखलातल्या ठशांवरून सांगायचं. शिकवायला धम्मशीला मॅडम येतात. त्या शाळेत विज्ञान शिकवतात, मोजकं बोलतात, आणि त्यांच्यासमोर थाप मारली की चष्म्यावरून नुसतं बघतात. त्या बघण्यानं चांगला निबर माणूससुद्धा खरं बोलायला लागतो.

ह्या वर्षी ठशांचा तास मी हट्टानं माझ्याकडं मागून घेतला. "पोरांनो, माणूस खोटं बोलेल, ठसा बोलणार नाही! पाऊल किती खोल रुतलं, कुठं वळलं, दोन पावलांत अंतर किती, सगळं बघायचं. आणि एकदा माग लागला की सोडायचा नाही!"

पोरांनी माना डोलावल्या. सुकेशनी मात्र उठून उभी राहिली. पोरगी चौथीतली, पण तिनं प्रश्न विचारायला घेतले तर तहसीलदारसुद्धा रजेवर जाईल.

"सर, तुमी नुसते मुंगसाचे आन् कुत्र्याचे ठसे दाखवायलाव. बिबट्याचा कव्हा दाखवणार?"

"उद्या!" मी म्हणालो.

का म्हणालो, ते मला विचारू नका. मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. मी वरती कडुनिंबात काहीतरी शोधायला लागलो.

घरी माळ्यावर टायरच्या तळव्याच्या माझ्या जुन्या चपला पडल्या होत्या. तळव्याला रबराचे तुकडे कापून पंजा केला आणि पुढं वाकवलेले खिळे ठोकले. चालताना बिबट्याची नखं उमटत नाहीत, असं कुठल्याशा व्हिडिओत सांगितलं होतं खरं. पण नखांशिवाय बिबट्या म्हणजे मिशीशिवाय फौजदार! पोरांना घाबरवायचं तर नखं पाहिजेतच.

दिवस मावळायला मी वृक्षोद्यानात गेलो. सगळे घरी गेले होते. औजारांच्या खोलीत चपला चढवल्या आणि रोपांच्या वाफ्यांमधून पाणवठ्यापर्यंत शिस्तीत चालत गेलो. ओली काळी माती, त्यात एकेक पंजा असा उठला, की माझाच मला गर्व वाटला! मागचे पाय झाले. आता ह्याच चपला हातात घालून पुढचे पाय उठवायचे, म्हणून खाली वाकणार, इतक्यात मागच्या झुडपात खसफस झाली.

ससा असेल, घोरपड असेल, नुसतं वाळलेलं पानही असेल. थांबून कोण विचारणार! मी जी उडी मारली ती थेट औजारांच्या खोलीत उतरलो. चपला खताच्या पोत्यांमागं फेकल्या, स्कूटरला लाथ मारली आणि घरी येऊन दाराला आतून कडी लावली. पुढचे पाय राहिले ते राहिलेच. म्हटलं, सकाळी पोरं यायच्या आत जाऊन उठवू.

सकाळी फाटकावर मोटारसायकलींची ही रांग! मला वाटलं, शिबिराला गर्दी झाली. आत जातो तर पाणवठ्याभोवती माणसंच माणसं, आणि मधोमध आमच्या बायनाबाई. त्या रोपांना पाणी घालायला पहाटेच येतात.

"सायेब, चपला काढा आधी!" त्या ओरडल्या. "देव येऊन गेला!"

"कोण देव?"

"आवो, पावलं बघा की! पंजा शिंहाचा, नखं ही एवढाली, आन् चालायलाय दोन पायावर! माणसावानी! दोन पायावर चालणारा शिंह दुसरा कोण हाय?"

दुसऱ्या कुठल्याही भागातल्या माणसांनी अस्वल म्हटलं असतं, माकड म्हटलं असतं. पण ही सगळी पोखर्णीच्या नरसिंहाच्या पायाशी वाढलेली माणसं. चाल माणसाची आणि पंजा सिंहाचा, हे कोण असतं ते त्यांना तान्हेपणीच ठाऊक होतं. त्यात परतीची पावलं! "एका ढांगंत पाच हात गेलाय!" एकजण हातानं मोजून सांगत होता. ती माझी घाबरून मारलेली उडी होती, पण हे सांगायचं कसं?

ठशांत हळद-कुंकू भरलं होतं. झेंडूची फुलं होती. कुणीतरी नारळही फोडला होता. माणसं एकेक करून वाकत होती, ठशाला कपाळ लावत होती, आणि मला एकदम लख्ख कळलं, की ही माणसं माझ्या चपलेला कपाळ लावतायत!

आता तुम्हीच सांगा, हे कळलं तर काय होईल? पुढं तक्रार, चौकशी वगैरे नंतरचं. आधी हे लोक मला धरतील, आणि त्या चपलांचा त्यांना जो उपयोग सुचेल तो माझ्याच डोक्यावर होईल! काहीही करून त्या चपला कुणाच्या दृष्टीला पडता कामा नयेत.

एवढ्यात गर्दीतून एक माणूस चिखलात साष्टांग पडला आणि उठला. नाकाला चिखल, कपाळाला कुंकू. पाहतो तर माझे सासरे, दिनकरराव! हे पोखर्णीचे. देवाच्या दर्शनाशिवाय चहा घेत नाहीत. आणि मला पाहिलं की घेतलेला चहाही त्यांना गोड लागत नाही. त्यांनी मला चक्क मिठी मारली.

"जावईबापू! तुमच्या बागंत देव आला! आमची लेक कसल्या पुण्यवान घरात दिली ते आज कळलं!"

लग्न झाल्यापासून हा माणूस माझ्याशी पहिल्यांदा कौतुकानं बोलला, आणि नेमकं तेव्हाच मला पळून जायचं होतं!

पण पळायच्या आधी पुरावा पुसायला हवा. मी डोकं चालवलं. बायनाबाईंची पाण्यानं भरलेली बादली उचलली आणि सरळ ठशांवर ओतायला लागलो. दोनचार बादल्यांत सगळा चिखल एक होणार होता.

"अरे बघा, बघा!" सासरे गहिवरले. "जावयानं देवाचे पाय धुवायला घेतले! शिका जरा!"

झालं! जो तो पाय धुवायला पुढं! बादली माझ्या हातातून कधी गेली कळलंच नाही. एका म्हातारीनं तांब्यानं थेंब थेंब पाणी घातलं, ओंजळीत घेतलं, डोळ्यांना लावलं आणि माझ्याही तळहातावर सोडलं. "घ्या सायेब, तीर्थ!" माझ्याच चपलेचं तीर्थ! सगळे माझ्याकडं बघत होते. घेतलं! खिळ्यांचा गंज थोडा लागला, बाकी काही नाही.

तेवढ्यात शिबिराची पोरं आली. धम्मशीला मॅडम त्यांना घेऊन कडेला थांबल्या. त्यांनी ठसा पाहिला, नंतर मला पाहिलं. चष्म्यावरून.

"महारुद्र सर, नखं उमटलीत. बिबट्याची उमटत नसतात."

"म्हणून तर!" मी घाम पुसत म्हणालो. "देव आहे म्हणतात."

"ज्यांना नमस्कार करायचा त्यांनी करू द्या. मी माझा तास घेते." त्या पोरांकडं वळल्या. "पावलं कुठून आली आणि कुठं गेली, शोधा बरं. गर्दीत शिरायचं नाही."

पाणवठ्यापलीकडं वाळक्या पाल्याचा थर होता, म्हणून मोठ्या माणसांना पुढची पावलं दिसलीच नव्हती. पण ही पोरं मी शिकवलेली! सुकेशनीनं काडीनं पाला बाजूला सारला आणि खालून पंजा निघाला.

"माग लागला!" सगळी पोरं ओरडली.

मी मागच्या वाटेनं औजारांच्या खोलीकडं सुटलो. चपला घ्यायच्या, स्कूटरच्या डिकीत कोंबायच्या आणि थेट पालमला बहिणीकडं! पोत्यांमागून चपला काढल्या, खिडकीतून पाहिलं, तर माझ्या स्कूटरवर बसून सासरे सगळ्या सोयऱ्यांना फोन लावत होते. "या लवकर! जावयाच्या बागंत! हां, आपल्याच जावयाच्या!"

आता काय? बाहेर आवाज वाढायला लागला. देव कुठून आला ते पोरं हुडकायलीत, असं कळल्यावर अख्खी गर्दी पोरांच्या मागं निघाली होती. कुणीतरी हलगी आणली होती. हलगी जवळ येत होती, आणि तिच्यापेक्षा मोठ्यानं माझी छाती वाजत होती.

"वाफ्यात हाय! हितं बी हाय!"

"लय जोरात पळालाय!"

"जड हाय बरं का. टाच लय रुतली."

जड! त्या परिस्थितीतही मला राग आला. खोलीला दार एकच, खिडकीला गज. मी दोन्ही चपला शर्टाच्या आत पोटाशी धरल्या, वरून हात बांधले आणि सहज फिरायला निघाल्यासारखा दाराकडं गेलो. एक पाय बाहेर टाकला आणि समोर पोरं! त्यांच्यामागं गर्दी, गर्दीपुढं सासरे.

"सर, हलू नका!" सुकेशनी म्हणाली. "माग हितंच संपायलाय."

मी जागच्या जागी गोठलो. आणि मग काय झालं ते बघा. मी आत ना बाहेर, बरोबर उंबरठ्यावर. शर्टाच्या आत खिळ्यांची नखं माझ्या पोटात रुतायला लागलेली. समोर नरसिंहाचे भक्त. हिरण्यकश्यपूचं पुढं काय झालं ते आठवून माझे डोळे पांढरे व्हायची वेळ आली! संध्याकाळ नव्हती, एवढाच काय तो आधार.

"सर, उजवा पाय उचला की."

मी उचलला. न उचलून सांगतो कुणाला!

"ह्या जनावराचा उजवा पाय बाहेरच्या बाजूला पडायलाय." ती मागं वळून सगळ्यांना सांगायला लागली. "सरांचा बी तसाच पडतो. कालच्या तासाला बघितला मी."

हलगी थांबली. सासऱ्यांच्या कपाळावरचं कुंकू आठ्यांत गेलं. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, त्यासाठी श्वास घेतला, श्वासानं पोट फुगलं, खिळे कचकन रुतले, आणि "आई गं!" म्हणून मी हात वर केले. दोन्ही चपला शर्टातून खाली पडल्या. उताण्या. पंजे वर.

तुम्ही कधी एवढी माणसं एकदम गप्प झालेली ऐकलीत का? मी ऐकलीत. मला माझ्या बायकोचा चेहरा दिसला, मग आईचा, मग सरकारी दवाखान्यातलं छत दिसलं. "पोरांना दाखवायला..." एवढंच मी म्हणालो.

बायनाबाई पुढं आल्या. त्यांनी चपलांकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. मी डोळे मिटून घेतले.

"पाय कुणाचे का असंनात," त्या म्हणाल्या. "नमस्कार देवालाच केलता आमी. तेला पोचला. पण सायेब, त्ये तीर्थ तुमी सोता पिलाव की वो!"

कुणीतरी मागं फिसकन हसलं. मग दुसरं. पण सासरे हसत नव्हते. ते एकटक माझ्याकडं बघत होते, आणि त्यांच्या नाकावरचा चिखल आता वाळला होता. मी उंबरठ्यावरून खाली उतरायला धजत नव्हतो.

"सुकेशनी," धम्मशीला मॅडम शांतपणे म्हणाल्या, "निरीक्षण अर्धवट राहिलं. सांग सगळ्यांना."

पोरगी ताठ उभी राहिली. हात मागं बांधले.

"प्राणी नर हाय. वय पन्नाशीच्या आसपास. वजन जास्त. सगळे घरी गेले की एकटा फिरतो. घाबरला की लांब उडी मारून पळतो. संकट आलं की औजारांच्या खोलीत लपतो. अंगाला लय घाम सुटतो. निरीक्षण संपलं. कुणाला काही विचारायचं का?"

आता मात्र हलगीवालासुद्धा पोट धरून हसत होता. बायनाबाईंनी पदरानं डोळे पुसले आणि हात वर केला.

"पोरी, चावतंय का गं ते?"

सुकेशनीनं माझ्याकडं नीट पाहिलं. उत्तर सासऱ्यांकडून आलं. नाकावरचा चिखल खरवडत ते थंडपणे म्हणाले,

"न्हाई. लय वर्सं झाले, आमच्या लेकीनं पाळलंय."