अप्पांचा कान आणि आमची खरखर

आमच्या शेजारचे अप्पा परांजपे नारळ ऐकून घेतात. बाजारात टोपलीपुढे उकिडवे बसतात, नारळ कानाशी धरून हलवतात, डोळे मिटतात आणि "हा नको, ह्यातलं पाणी चिडलंय" असं म्हणून खाली ठेवतात. विकणारी बाईसुद्धा वाद घालत नाही, कारण अप्पा चुकत नाहीत. माणसाने इतकं अचूक असू नये, असं माझं मत आहे.

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्यांची सगळी नोकरी बिघडलेल्या लायनी ऐकण्यात गेली. निवृत्त झाल्यावर लायनी संपल्या, कान उरला. आता तो आळीतल्या पंपांवर, मिक्सरांवर आणि पंख्यांवर फिरतो. मी आमच्या दाराची बेल बदलली तेव्हा दोन घरांमधल्या दगडी गडग्यापलीकडून आवाज आला, "मास्तर, एक स्क्रू सैल राहिलाय." राहिला होता.

हेही मी सोसलं असतं. पण मग आमच्या घरात खरखर शिरली.

माझी बायको नीलिमा अंध मुलांसाठी शाळेची पुस्तकं वाचून रेकॉर्ड करते. तिच्या वाढदिवसाला मी चांगला माइक आणला आणि तो कॉम्प्युटरला जोडायचा डबाही आणला. त्याला ऑडिओ इंटरफेस म्हणतात. सगळं मी स्वतः जोडलं. तिने पहिला धडा वाचला आणि लावून ऐकला, तर मधूनमधून फोडणीत मोहरी तडतडावी तसा आवाज. मी वायर बदलली. डबा दुसऱ्या भोकात लावून पाहिला. कॉम्प्युटर तीनदा बंद करून चालू केला. चौथ्यांदा करत होतो, तेवढ्यात तिने गडग्यापाशी जाऊन अप्पांना हाक मारली. मला न विचारता.

अप्पा आले, हेडफोन लावले, डोळे मिटले. मी काही सांगायला गेलो तर बोट वर केलं. "थांबा. तिला बोलू दे." ती म्हणजे खरखर. मग म्हणाले, "वायर ठीक आहे हो. माइकही गुणी आहे. कॉम्प्युटरची दमछाक होत्ये."

सेटिंगमध्ये बफर नावाचा एक आकडा होता. बफर म्हणजे गच्चीवरची टाकी, असं त्यांनी नीलिमाला समजावलं. टाकी लहान असली की नळ थुंकत थुंकत येतो, तसाच आवाजही तुटतो. चौसष्टचा आकडा त्यांनी पाचशे बारा केला आणि खरखर गेली.

"किती सोपं करून सांगतात," नीलिमा म्हणाली. मी तेहेतीस वर्षं गणित शिकवलं, पण हे वाक्य तिने मला कधी ऐकवलेलं नाही. वर त्यांच्यापुढे रस आणि घावणे ठेवले. मी मागितले की पीठ संपलेलं असतं.

खरं सांगतो, मी जळलो.

आठ दिवसांनी, मंगळवारी, खरखर परत. अप्पा परत. घावणे परत. पुढच्या मंगळवारीही तेच. आता नीलिमा त्यांना धडे ऐकवू लागली. श्वास कुठे ऐकू येतो, 'स' कुठे टोचतो, हे विचारू लागली. पूर्वी ती मला विचारायची आणि मी पेपरातून मान वर न करता "छान" म्हणायचो. माझी खात्री झाली की हा माणूस जाताना स्वतःच काहीतरी बिघडवून जातो. त्यांचं पितळ उघडं पाडायचं मी ठरवलं.

पुढच्या मंगळवारी सकाळी मी दाराआड उभा राहिलो. अप्पा अजून यायचे होते. नीलिमा खोलीत आली, कॉम्प्युटर लावला आणि पाचशे बाराचा आकडा आपल्या हाताने चौसष्टवर आणला.

"हे काय?" मी पुढे होऊन विचारलं.

ती दचकलीसुद्धा नाही. "काकू गेल्यापासून अप्पांच्या घरात बोलणारं कोण आहे? नुसतं चहाला या म्हटलं तर म्हणतात, उगाच कशाला. काही बिघडलंय म्हटलं की चपला न घालता येतात."

आणि ती पीठ कालवायला गेली. माझा राग उतरला, मत्सर मात्र उतरला नाही. माझ्यासाठी तिने कधी काही बिघडवलं नव्हतं.

गेल्या आठवड्यात ती बहिणीकडे पावसला गेली. मंगळवारी सकाळी पाहिलं तर अप्पा गडग्यापलीकडे पोफळीला पाणी घालत होते. मध्येच आमच्या खिडकीकडे बघायचे. तासाभराने पाहिलं तर त्याच पोफळीला पुन्हा पाणी चाललेलं. मी पेपर ठेवला, खोलीत गेलो, आकडा अगदी तळाला नेला आणि हाक मारली, "अप्पा, खरखर आल्ये."

ते अनवाणी आले. मी नीलिमाचा एक धडा लावून दिला. हेडफोन लावून, डोळे मिटून ते बराच वेळ ऐकत राहिले.

"ही वहिनींची नाही," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"त्या चौसष्टवर थांबतात. तुम्ही बत्तीसवर नेलीत." त्यांनी हेडफोन काढून अलगद टेबलावर ठेवले. "आवाज इतका तोडायला नको होता, मास्तर. तुम्ही नुसती हाक मारली असतीत, तरी आलो असतो."