देवरावांचा खोटा शेरा

ग्वाल्हेरच्या माधवगंजातले आमचे शेजारी देवराव शिर्के टोमॅटो घेताना टोपलीतला एक वरचा, एक मधला आणि एक तळाचा उचलतात. त्यातला एक जरी मऊ लागला तरी "लॉट नापास" म्हणतात आणि पुढच्या गाडीकडे वळतात. नया बाजारातले भाजीवाले त्यांना लांबून पाहूनच टोपलीवर पोतं टाकतात.

उभी नोकरी त्यांनी फौजेच्या पिस्तुलांच्या गोळ्या तपासण्यात घालवली. साहेबांनी डोळे वटारले तरी खोटा शेरा कधी दिला नाही, हे ते चहाबरोबर हमखास ऐकवतात.

माझ्याकडे परवान्याचं पिस्तूल आहे. बँकेत खर्डेघाशी करणाऱ्या, पालीला घाबरणाऱ्या माणसाला ते कशाला, असं तुम्ही विचाराल. बायकोही विचारते. पण आमचे पूर्वज म्हणे दख्खनेतून लढत इथे आले, आणि ग्वाल्हेरात कमरेला काही नसलं की वरातीत कुणी ओळख देत नाही. पुतण्याच्या वरातीत हवेत बार काढायचा, असं मी ठरवून टाकलं होतं. उगाच भाव खायला देवरावांना विचारलं, "काका, फौजी गोळी जास्त जोरात मारते ना?"

"सगळे हेच समजतात. अहो, फौजी दर्जा म्हणजे जोर नाही, भरवसा. बर्फात असो, रेतीत असो, पाण्यात भिजलेली असो, प्रत्येक गोळी सारखीच सुटायला हवी. तुमच्या दाखवा जरा."

चष्मा लावून त्यांनी माझ्या गोळ्या निरखल्या. "लॉट नापास. नळीत अडकेल, हात जाईल तुमचा."

हाताच्या भीतीने मी वरातीत बँडवाल्यांच्या मागे मुकाट नाचलो. मेहुण्याने पिस्तुलाचं विचारलं, तर पोट दुखतंय म्हणालो.

नंतर त्या गोळ्या बंदुकीच्या दुकानदाराला दाखवल्या. तो म्हणाला, "साहब, माल तो एकदम दुरुस्त है." मी तणतणत देवरावांकडे गेलो.

"काका, तुम्ही मला खोटं सांगितलंत."

"हो," ते म्हणाले. मग त्यांनी चष्मा काढून ठेवला.

"माझा धाकटा भाऊ गच्चीवरून वरात बघत होता. आमच्याच घरची वरात, बार काढणारा आमचाच जावई. भाऊ त्या गोळीने गेल्यावर मी जावयाच्या उरलेल्या गोळ्या मागून घेतल्या. रात्रभर तपासत बसलो."

माझा राग कुठल्या कुठे गेला.

"एखाद्या गोळीत तरी खोट निघावी असं फार वाटत होतं," देवराव म्हणाले. "नाही निघाली."