जगदेवभाऊंचा खुलासा

"मॅडम, बायकाईले हसतांना, खोकलतांना थोडी लघवी काहून होते?"

गावच्या शाळेत व्याख्यानाला आलेल्या डॉक्टरीणबाईंना दहावीतल्या योगिनीनं हे उभं राहून विचारलं. "इचारशील तर मानलं तुले," अशी शर्त लावणाऱ्या मैत्रिणी बाकाखाली गेल्या. विज्ञानाचे सर फळा पुसू लागले. फळा कोराच होता.

डॉक्टरीणबाई मात्र खूश. "बाळंतपणानं, वयानं ओटीपोटाखालचे स्नायू सैल पडतात. लघवी अडवताना आवळतो तसे ते आवळायचे, पाच मोजायचे, सोडायचे. सवय झाली की दहा. श्वास रोखायचा नाही. दिवसातून तीनदा, दहा-दहा वेळा, निदान तीन महिने."

योगिनी घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती: जगदेवच्या पोरीले तो आजार हाय!

जगदेवभाऊ ग्रामपंचायतीचे मेंबर. नळाला पाणी आलं नाही, तर ते पाणी नाही, खुलासा सोडत. त्यांनी लगेच गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं, 'माझी मुलगी कु. योगिनी हिला लघवीचा कोणताही आजार नाही. अफवांवर विश्वास ठेवू नये.' ज्यांना काहीच माहीत नव्हतं, त्यांनाही कळलं. रिसोडहून आत्याचा रडका फोन आला. इंद्रभान किराणावाल्यानं सवयीनं 'भावपूर्ण श्रद्धांजली' टाकली.

मग बायका धीर द्यायला आल्या. पहिली शेजारची प्रयागबाई.

"पोरीचं आयकलं माय, लय वाईट वाटलं," ती म्हणाली. मग दार लोटून हळूच, "योगिने, ते पाच मोजाचं का दहा?"

"काहून वं काकू?"

"माह्यासाठी नाही बापा! अनसिंगले एक वळखीची हाय."

दिवेलागणीपर्यंत सात जणी येऊन गेल्या. सातही जणींची वळखीची अनसिंगलाच. बिचारी फारच आजारी असावी.

जगदेवभाऊ भडकले. "कोणासाठी इचारलं व्हतं? नाव सांग. आत्ता ग्रुपवर टाकतो, तुह्यावरचा डाग जाते. नाहीतर उद्यापासून शाळा बंद!"

आईचा पिठाचा हात परातीतच थांबला. शर्त मैत्रिणींची होती खरी. पण डॉक्टरीणबाई बोलत असतानाच योगिनीला आई दिसू लागली होती. शिंक आली की आई पाय आवळून बसते. जीप खड्ड्यांत आदळते म्हणून तीन वर्षं मामाकडे गेली नाही. आता आईचं नाव घेतलं, तर बाबा तिचाही खुलासा टाकणार!

"लिहा बाबा," योगिनी म्हणाली. "योगिनी जगदेव. मलेच हाय."

"अवं, पण तुले तर काहीच नाही!"

"आजपासून हाय. गावाले सांगा, पोरगी शाळेत जाते अन् घरी रोज तीनदा व्यायाम करते. एकटीले करमत नाही, म्हणून आई संग बसते. मंग तीन महिन्यानं आमी दोघी जीपनं मामाकडं जाऊ. अन् तुमी, व्यायामाच्या टायमाले फोन माह्यापाशी देऊन ओट्यावर बसान!"