गढूळ रसाचे जोगळेकर सर

नळीतला रस गढूळ झाला की टाळ्या वाजवणारा माणूस मी एकच पाहिला. राहुरीच्या शेतकी कॉलेजातले आमचे जोगळेकर सर. बाकीच्यांना प्रयोगात सगळं नितळ लागायचं. सर ओरडायचे, "गढूळ! वा रे पठ्ठ्या, गढूळ!"

बाहत्तर साली मी मिरजगावहून तिथं शिकायला आलो. घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे हे हसण्यावारी न्यायचं की वहीत लिहून घ्यायचं, कळेना. मी लिहून घेतलं.

सरांचा विषय डुकराचं मांस. स्वतः त्यांनी अंडंसुद्धा कधी खाल्लं नव्हतं. पण डुक्कर कापल्यावर तासाभरात स्नायूचा रस काढून, त्यात औषध घालून ते मांस कसं निघेल ते सांगत. स्नायूतली प्रथिनं शाबूत असली तर ती दूध फाटावं तशी फाटतात. रस गढूळ, मांस उत्तम. ती आधीच बिघडलेली असली तर रस नितळ राहतो आणि मांस फिकट, पाणी सोडणारं निघतं.

डुकरं सांभाळणारे किसनमामा म्हणायचे, "सर, उद्या मांसावर अंगठा दाबून म्या फुकट सांगतो की!"

"उद्या कुणीही सांगेल, किसनराव. आज सांगा!"

पहिल्या तिन्ही डुकरांच्या नळ्या नितळ निघाल्या. दुसऱ्या दिवशी बघतो तर मांसाखालच्या ताटात पाणीच पाणी! भाकीत तिन्ही वेळा खरं ठरलं. मी नाचायचाच बाकी होतो. सरांनी मात्र ताट बाजूला सारलं.

"ओढत नेलं होतं त्यांना," ते म्हणाले. "कापण्याआधी जनावर घाबरलं की प्रथिनं अशी बिघडतात."

चौथी डुकरीण चंपी. तिला सरांनी कुणाला हात लावू दिला नाही. सकाळभर तिचे कान खाजवले, मग भाकरीचा तुकडा दाखवत स्वतः चालवत नेलं. "चला चंपाबाई, सावकाश. घाई नाही."

"वरात निगाली जनू!" किसनमामा खिदळले.

एरवी कत्तलखान्याबाहेर थांबणारे सर त्या दिवशी शेवटपर्यंत आत होते.

प्रयोगशाळेत त्यांनी नळी माझ्या हातात दिली आणि खिडकीकडे तोंड केलं. "तूच बघ."

मी औषध घातलं. क्षणभर काहीच नाही. मग पांढरे धागे सुटले, बघता बघता रस ताकासारखा झाला.

"सर, गढूळ! लई गढूळ हाय!"

टाळी वाजली नाही.

"म्हंजी मांस झ्याक निगनार, सर!" किसनमामा म्हणाले.

"मांसाचं उद्या बघू," सर वळले नाहीत. "घाबरली नाही रे ती."

त्यांच्या मुठीत भाकरीचा उरलेला तुकडा तसाच होता.