धुळ्याला न जाणारे हिलाल नाना

आमच्या कारखान्याच्या गेटवरचे हिलाल नाना प्रसादाचाही वास घेऊन बघतात. दरवर्षी कारखान्यात सत्यनारायण होतो. शिऱ्याचा द्रोण हातात पडला की नाना आधी तो नाकाजवळ नेतात, मग बोटाने उकरून तळ बघतात, आणि मग देणाऱ्याच्या तोंडाकडे बघत विचारतात, "ते ठीक शे. पन खरं काय शे?"

'शे' म्हणजे 'आहे'. नाना मूळचे सोनगीरचे, त्यामुळे त्यांची भाषा अहिराणी. पण हे वाक्य जळगावच्या औद्योगिक वसाहतीत आमच्याकडे सगळ्यांच्याच तोंडी बसलं आहे. पगारवाढीची बातमी आली तरी लोक हेच म्हणतात.

आमचा कारखाना प्लास्टिकच्या चटयांचा. चटई ज्या प्लास्टिकच्या दाण्यापासून बनते, तो दाणा कोणी बाहेर नेऊ नये म्हणून शिफ्ट सुटताना गेटवर झडती होते. झडती सगळ्याच कारखान्यांत होते, पण नानांची वेगळी. ते डब्याचे तिन्ही पुडे उघडतात आणि उरलेल्या भाजीत काडी घालून ढवळतात. पॅकिंगच्या उषाअक्का या प्रकाराला इतक्या कंटाळल्या की एकदा त्यांनी धुतलेल्या डब्यात एक चिठ्ठी टाकून आणली. चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'काही नाही.' नानांनी ती वाचली, उलटून बघितली, खिशात ठेवली आणि विचारलं, "अक्षर कोनं शे?"

मी इथे टाइम ऑफिसात आहे. नऊ वर्षं झाली. माझं लग्न ठरलं तेव्हा मी नानांना पेढा द्यायला गेलो. मुलगी कुठली, त्यांनी विचारलं. पाचोऱ्याची, मी म्हणालो. नाना बराच वेळ पेढ्याकडे बघत राहिले. पाचोऱ्याचे लोक मुलगी जळगावला का देतात, हे त्यांना पटेना. त्यांनी पेढा कागदात बांधून ड्रॉवरमध्ये ठेवला. आमचा एक ट्रक पाचोऱ्यावरून जातो. त्याच्या ड्रायव्हरला त्यांनी कामाला लावलं. आठ दिवसांनी मला बोलावून म्हणाले, "लोक चांगला शेतस, बीकॉम. कर लगन." आणि तो दगड झालेला पेढा माझ्यासमोर खाल्ला.

ते मला बीकॉमच म्हणतात. मला त्याचा राग येत नाही. चोपड्याकडच्या डोंगरपायथ्याच्या एका गावात आमच्या घराण्यात पहिली पदवी माझी. माझे वडील रोज पहाटे चौकात जाऊन उभे राहायचे. आज कोणाच्या शेतात जायचं, ते तिथे ठरायचं. कधी ठरायचंच नाही, मग ते आठ वाजता परत यायचे आणि कोणाशी बोलायचे नाहीत. मी इथे लागलो त्या दिवशी हजेरीच्या फळीवर माझ्या नावाचं कार्ड होतं. मी ते काढून दोनदा वाचलं. उद्याही ते तिथेच असणार होतं. त्यामुळे माणूस एका जागी वर्षानुवर्षं का राहतो, हा प्रश्न मला कधी पडलाच नाही.

तो प्रश्न पडला नव्या मॅनेजरसाहेबांना. ते बाहेरून आले. दहा वर्षांत चार कंपन्या बदललेले, हुशार आणि सरळ गृहस्थ. त्यांनी कामगारांची यादी मागवली आणि वीस वर्षांच्या वर झालेली अकरा नावं लाल पेनाने गोल केली. मला म्हणाले, "इतकी वर्षं एका जागी कोणी उगाच राहत नाही. काहीतरी मिळत असतं. काय मिळतं, ते मला हवंय." त्यांनी एक तक्ता करून दिला. नाव, कामाला लागल्याची तारीख आणि शेवटचा रकाना: राहण्याचे कारण. तो मी विचारून भरायचा होता.

उषाअक्का म्हणाल्या, इथे आठ तास सासू दिसत नाही. चटई विणायच्या लूमवरचे फिटर गफूरचाचा म्हणाले, माझ्या मशीनचं दुखणं दुसऱ्याला आवाजावरून कळत नाही. हिशेबाच्या खोलीतले चौधरीभाऊ तीन दिवस विचार करत होते. चौथ्या दिवशी म्हणाले, "मी कधी विचारच केला नाही हो." आणि मग त्यांना घोर लागला. आपण विचार करायला हवा होता का, हे ते आठवडाभर ज्याला त्याला विचारत फिरले.

नानांनी तक्ता हातात घेतला आणि उजेडासमोर धरला.

"कोन इचारस?"

"साहेब."

"त्यास्ले कोन इचारस?"

मी म्हणालो, ते मला माहीत नाही. नानांनी मान हलवली, म्हणजे त्यांना जे हवं होतं ते कळलं होतं. मग म्हणाले, "लिख. खुर्ची चांगली शे." मी लिहिलं. दुसऱ्या दिवशी ते सकाळीच माझ्या खिडकीशी आले. "खोड ते. खुर्ची ली जातीन. लिख, निंबनी सावली." गेटजवळ कडुनिंब आहे खरा. मी लिहिलं. तिसऱ्या दिवशी ते पुन्हा हजर. झाड तोडतील म्हणून तेही खोडायला लावलं. मग 'सवय' लिहिलं. चौथ्या दिवशी तेही खोडलं, कारण सवय म्हटल्यावर साहेबांना दारूचा संशय येईल. त्या रकान्यात एवढी खाडाखोड झाली की कागद फाटायला आला.

महिनाअखेरीस साहेबांनी ठरवलं की गेट एका सुरक्षा एजन्सीकडे द्यायचं. नानांना काढायचं नव्हतं. त्यांची बदली कंपनीच्या धुळ्याच्या गोदामावर केली. पगार तोच, काम हलकं. आम्हाला आनंद झाला. धुळ्याहून सोनगीर जवळ. तिथे नानांचा भाऊ आहे, वाटणीचं घर आहे. इथे नाना नशिराबादला एका भाड्याच्या खोलीत एकटे राहतात आणि रोज काळीपिवळीत दाटीवाटीने बसून येतात. गफूरचाचांनी तर चहाही मागवला.

नानांनी चहा घेतला नाही. ते साहेबांच्या केबिनमध्ये गेले, "धुये नही," एवढंच म्हणाले, आणि गेटवर येऊन बसले. धुयं म्हणजे धुळं. खरं काय शे, हेही त्यांनी विचारलं नाही. ते मला सगळ्यात जास्त खटकलं.

साहेबांनाही खटकलं. त्यांनी मला बोलावून दार लावायला सांगितलं. घराजवळची बदली आणि हलकं काम जो नाकारतो, त्याचं गेटवर काहीतरी चालू आहे, असं त्यांचं म्हणणं. शनिवारपर्यंत खरं कारण लिहून आणा, नाहीतर सोमवारी हा माणूस एकतर धुळ्याला जाईल नाहीतर घरी, असं त्यांनी सांगितलं. मला त्यांचा संशय खोटा वाटला नाही, हे इथे लिहिताना लाज वाटते. ज्या माणसाने माझं सासर तपासून दिलं, त्याच्यावर मी दुसऱ्याच दिवसापासून नजर ठेवू लागलो.

आणि एकदा बघायला लागल्यावर दिसायलाही लागलं. शिफ्ट सुटताना नाना डब्यांकडे बघत, पण एरवी त्यांचं तोंड कायम रस्त्याकडे. हायवेवरून येणारा माणूस जिथे वळून आत येतो, त्या वळणाकडे. त्यांची सुट्टी गुरुवारी. त्या गुरुवारीही ते आले आणि समोरच्या चहाच्या टपरीवर दिवसभर बसले. टपरीवाल्याला विचारलं तर म्हणाला, दर गुरुवारी बसतात, दोन चहा घेतात आणि काचेचा ग्लास दोन्ही वेळा स्वतः धुतात. दुपारी एक माणूस पिशवी घेऊन वळणावर दिसला तसे नाना उठले, दहा-बारा पावलं भराभर गेले, थांबले, आणि परत येऊन बसले. माल घ्यायला येणारा हाच असणार आणि आपल्याला बघून तो पुढे निघून गेला, असं मी मनाशी ठरवून टाकलं. साहेबांपुढे बोलायचं वाक्यही मी जुळवलं होतं. 'बाहेरच्या व्यक्तीशी संबंध असल्याचे दिसते.' वाक्य शुद्ध होतं. पदवीचा उपयोग झाला, असंही वाटलं.

ते वाक्य घेऊन केबिनमध्ये जाण्याआधी मी शुक्रवारी दुपारी नानांकडे गेलो, याबद्दल मी माझ्या आईवडिलांचा आभारी आहे. आमच्या घरात कोणाबद्दल मागे बोलायचं झालं, तर आधी त्याला तोंडावर विचारायची पद्धत होती. मी स्टूल ओढून बसलो आणि म्हणालो, "नाना, धुळं ठीक शे. पण खरं काय शे?"

त्यांचंच वाक्य त्यांना कोणी विचारलं नव्हतं बहुतेक. ते माझ्याकडे बघत राहिले. मी साहेबांचा माणूस आहे की नाही, हे ते तपासत असावेत. मग त्यांनी रस्त्याकडे तोंड केलं आणि सांगितलं.

त्यांचा मुलगा योगेश याच कारखान्यात लूमवर लागला होता. ही मी यायच्या दोन वर्षं आधीची गोष्ट. बाप पोराला सोडतो, असं कोणी म्हणू नये म्हणून नाना त्याची झडती सगळ्यांच्या आधी घेत आणि दोनदा घेत. त्या दिवसांत दाणा कमी भरत होता. कुजबुज चालू होती. एका संध्याकाळी नानांनी सगळी शिफ्ट उभी असताना योगेशचा डबा वर्तमानपत्रावर उपडा केला. चार शितं आणि लोणच्याची फोड पडली. योगेशने फोड उचलून डब्यात टाकली, झाकण लावलं, डबा टेबलावर ठेवला आणि तो गेटमधून निघून गेला. घरी गेला नाही. सुरतेला दिसला, असं एकदा कोणी सांगितलं. नाना तिकडे आठ दिवस फिरून आले.

उषाअक्का, गफूरचाचा त्या संध्याकाळी रांगेत होते. नानांसमोर हे कोणी कधी काढलं नाही. मला माहीत नव्हतं, कारण मी कधी विचारलं नव्हतं.

योगेशची आई त्यानंतर चार वर्षांनी गेली. घरमालकांनी नानांना तीन वेळा खोली बदलायला लावली. फोनचा नंबर बंद पडला. सोनगीरला काकाशी योगेशचं पहिल्यापासून पटत नव्हतं, तिकडे तो जायचा नाही.

"त्याले हाई एकच जागा माहीत शे," नाना म्हणाले. 'आठे' म्हणजे 'इथे', 'ई' म्हणजे 'येईल'. "आठून गया. ई तं आठेच ई. मी धुये गयू, आनि गेटवर एजन्सीना मानूस बसना. तो इचारी, कोन पाहिजे? मना पोऱ्या भलता मानी शे, बीकॉम. तेवढ्यावर उलटा फिरी जाई."

शिफ्टचा भोंगा झाला आणि नाना उठले. जाताना म्हणाले, "हाई लिखू नको. लिखशी तं बठ्ठा वाचतीन." बठ्ठा म्हणजे सगळे.

शनिवारी मी फाटत आलेल्या रकान्यावर कागदाची पट्टी चिकटवली आणि त्यावर लिहिलं, 'कौटुंबिक कारण.' साहेबांनी वाचून विचारलं, म्हणजे काय? मी म्हणालो, ते मला सांगता येणार नाही. पण मी चौकशी केली आहे, गेटवर काही चालत नाही, आणि तसं मी लिहून देतो. त्यांनी कागद पुढे केला. मी लिहिलं आणि सही केली. हजेरी आणि पगार सोडून मी तोपर्यंत कशावरच सही केली नव्हती.

"तुमचा याच्यात काय संबंध?" साहेब म्हणाले.

"काही नाही."

ते त्यांना अजिबात पटलं नाही. बऱ्याच विचाराने त्यांनी रात्रीचं गेट एजन्सीला दिलं आणि दिवसपाळी वर्षभरासाठी नानांकडे ठेवली. वर्षाने पुन्हा बघू, म्हणाले. आणि यादीत माझ्या नावापुढे पेन्सिलीने एक बारीक खूण केली. ती खूण अजून आहे. मी अधूनमधून बघतो.

नानांना मी हे सांगितलं, तेव्हा त्यांनी विचारलं, "साहेब एवढा भला कशाले व्हयना?" एजन्सीचा माणूस संध्याकाळी आला की नाना पंधरा मिनिटं जास्त थांबून त्याचा गणवेश, ओळखपत्र आणि शिट्टी तपासतात.

गेल्या महिन्यात नानांच्या डोळ्याची तपासणी होती. मोतीबिंदू आहे, पण ते महिने महिने टाळत होते. त्या दिवशी ते माझ्या खिडकीशी आले आणि तासभर गेटवर बसशील का, असं विचारलं. नऊ वर्षांत त्यांनी ती खुर्ची दुसऱ्या कोणाला दिलेली मी बघितली नव्हती. मी साहेबांना सांगून बाहेर आलो.

रिक्षा उभी होती. नाना त्यात बसले, परत उतरले आणि माझ्याजवळ आले.

"डावी भुवईवर खूण शे. धाकला व्हता तवय पडना व्हता, तठे केस येत नही. दाढी ठेई व्हई, जाडा व्हयना व्हई, पन ती खूण जात नही. पानी दे. काही इचारू नको." मग म्हणाले, "आनि मी येसू तोवर त्याले जाऊ देऊ नको."

रिक्षा वळणावरून गेली. मी खुर्ची रस्त्याकडे फिरवून बसलो. त्या तासाभरात गेटसमोरून सतरा माणसं गेली. मी प्रत्येकाची डावी भुवई बघितली.